पहिला घोट मागून येणाऱ्याचा

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका. माझ्या बुडावरचा कारखान्याचा शिक्का कधीच पुसला गेला आहे, आणि वय लपवायची मला हौस नसली तरी सांगायचीही नाही. माझ्या अंगावर एकूण सात पोचे आहेत. त्यांतले सहा आपटून, घरंगळून, कसेही पडलेले आहेत. सातवा माझ्या झाकणाच्या कडेवर आहे. तो मात्र मी तुम्हाला मुद्दाम दाखवणार आहे, कारण माझी सगळी हकीकत त्याच्याभोवती फिरते.

बाहेरून मी साधा पत्र्याचा, हिरव्या रंगाचा. पोटात मात्र काच आहे. एकात एक बसवलेल्या काचेच्या दोन बाटल्या, तोंडाशी जोडलेल्या, आणि त्यांच्या मधली हवा काढून घेतलेली. म्हणजे माझ्या दोन भिंतींच्या मध्ये काहीही नाही. कारखान्यात एक बाई आम्हाला एकेक करून कानाशी धरून हलवून बघायची. मला हलवून ती शेजारणीला म्हणाली, "ह्याच्यात काही नाही, म्हणून तर हा कामाचा." मला तेव्हा फार राग आला होता. पुढे कळलं की तेच माझं कौतुक होतं.

मला विकत घेतलं ते एका नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाने. त्याची धाकटी बहीण त्याला दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणतो. दुकानात इतर गिऱ्हाइकं माझा रंग बघायची. दादाने मला पाण्याने भरलं, बूच लावलं, उलटं धरलं आणि खाली हात धरून उभा राहिला. थेंबही पडला नाही. "चला," तो म्हणाला, "डोंगरात जायचंय तुला."

दादा आणि त्याची बहीण दर वर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी नऊ दिवस डोंगरातून चालत जायचे. पाच खिंडी, आठ मुक्काम. बहीण शिवणकाम करायची, तिचं स्वतःचं दुकान होतं. तिने उरलेल्या कोटाच्या लोकरी कापडाचा, आत कापूस भरून, मला एक अंगरखा शिवला. त्याला तीन बटणं. असा थाटमाट दुसऱ्या कुठल्या थर्मासाचा मी तरी पाहिलेला नाही.

आता एक अडचण होती. माणसं दोन आणि कप एकच, तो म्हणजे माझं झाकण. दादाने त्यावर एक नियम काढला. पुढे गेलेल्याने मला घेऊन खिंडीत थांबायचं. बूच उघडायचं नाही. मागचा माणूस पोचला की पहिला घोट त्याचा. बहीण नेहमी पुढे असायची, त्यामुळे तिने पहिल्या दिवशी बरीच कुरकुर केली. दादा म्हणाला, "अगं, पुढे जाणाऱ्याला वरून सगळं आधी बघायला मिळतं. मागच्याला काहीतरी मिळायला नको का?" नियम पक्का झाला.

मग दादाचं लग्न झालं. त्याची बायको नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला होती. स्वभावाने शांत, बारीक पेन्सिलीने लिहिणारी, प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणारी. बहीण तिला वहिनी म्हणायची आणि ती बहिणीला वन्सं म्हणायची. दोघी एकमेकींशी इतक्या अदबीने वागायच्या की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. वन्संच्या मनात होतं की ही आली आणि माझा दादा गेला. वहिनीच्या मनात होतं की मी कितीही केलं तरी ह्या घरात मी पाहुणीच. दोघींनीही हे कधी बोलून दाखवलं नाही. मला कसं कळलं? पुढे चौदा वर्षं मी त्यांच्या गप्पा ऐकल्या आहेत.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दादाच्या हृदयाचं काहीतरी निघालं. डॉक्टरांनी चढ बंद करून टाकले. जायचे दिवस जवळ आले तेव्हा दादाने मला टेबलावर ठेवलं आणि दोघींना समोर बसवलं.

"या वर्षी तुम्ही दोघी जा," तो म्हणाला.

"नको, मी घरी थांबते तुमच्याजवळ," वहिनी म्हणाली.

"नको, दुकानात काम पडलंय," वन्सं म्हणाली.

"घरी थांबायला मी एकटा पुरेसा आहे. आणि दुकानाला नऊ दिवस कुलूप लागलं तर गाव काही उघडं फिरणार नाही." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "मला आता तिथे जाता येणार नाही. निदान ऐकायला तरी मिळू दे. आणि दोघींकडून हवंय. एकीचं ऐकलं की अर्धंच कळतं."

त्याला नाही कोण म्हणणार? दोघी निघाल्या.

पहिले पाच दिवस फार वाईट गेले. "वन्सं, तुम्हाला मीठ देऊ का?" "नको वहिनी, तुम्ही घ्या." तंबूत दोघी एकमेकींकडे पाठ करून झोपायच्या. खिंडीत वन्सं थांबायची, वहिनी पोचायची, पहिला घोट घ्यायची, झाकण पुसून परत द्यायची. नियम पाळला जायचा, पण कचेरीतल्या कामासारखा. मी माझ्या परीने चहा कढत ठेवत होतो. त्याहून जास्त थर्मासाच्या हातात काय असतं?

सहाव्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. सर्वांत उंच खिंड त्याच दिवशी होती. वन्सं मला घेऊन पुढे निघाली आणि वळून न बघता चढत राहिली. खिंडीच्या थोडं खाली घराएवढा एक खडक आहे. तिथे वाट फुटते आणि दोन्ही वाटा वर पोचतात. वन्सं नेहमीच्या सवयीने उजवीकडून गेली. वहिनी मागून आली, तिने नकाशा काढला, दोनदा तपासला, डावी वाट जवळची आहे असं बघितलं आणि डावीकडून गेली.

ती खिंड एखाद्या मैदानासारखी रुंद आहे. दोन टोकांना वाटसरूंनी रचलेल्या दगडांच्या दोन राशी आहेत. वन्सं एका राशीशी जाऊन बसली. वहिनी दुसऱ्या राशीशी पोचली, इकडे तिकडे बघितलं, वन्सं दिसली नाही. वन्सं इथे नाही म्हणजे ती अजून मागेच आहे, असा तिने हिशेब केला. मग आज मी पुढची. पुढच्याने थांबायचं. ती थांबली. तीनशे पावलांवर दोघी एकमेकींची वाट बघत बसल्या होत्या आणि मध्ये कापसासारखं धुकं होतं.

मी होतो वन्संच्या मांडीवर. सुरुवातीला ती वैतागली. "बसली असेल नकाशा उलगडून," असं पुटपुटली. मग वारा सुटला आणि बारीक बर्फाचे कण यायला लागले. तिने मला छातीशी धरलं, अंगरख्याचं एक बटण काढून बोटं आत घातली. तिचे दात वाजत होते. मित्रांनो, माझ्या पोटात दोघींना पुरेल इतका कढत चहा, आणि मला मिठी मारून बसलेली बाई थंडीने काळीनिळी पडते आहे! थर्मासाच्या जन्मात याहून मोठी लाज नाही. एकदा तिचा हात बुचावर आला. मी मनात म्हटलं, उघड बाई, देवाशपथ उघड. तिने हात मागे घेतला.

"तिचा आहे तो," ती स्वतःशीच म्हणाली.

दोन तास उलटले तशी ती घाबरली. उभी राहून हाका मारायला लागली. "वहिनी! ए वहिनी!" वाऱ्याने सगळ्या हाका उलट्या तिच्याच तोंडात कोंबल्या. खाली शोधायला जावं, तर तेवढ्यात ती इथे आली तर? न जावं, तर ती पाय मोडून पडली असली तर? "दादाला काय सांगू मी," ती म्हणाली आणि रडायला लागली. मग एकदम तिने माझं झाकण फिरवून काढलं. बुचाला हात लावला नाही. झाकण घेऊन ती दगडांच्या राशीवर जोरजोराने आपटायला लागली. टण. टण. टण. सातवा पोचा तो हाच.

किती वेळ ती ठोकत होती ते मला सांगता येणार नाही. पण धुक्याच्या पलीकडून उत्तर आलं. टिण, टिण, टिण. कुणीतरी जेवणाच्या ताटलीवर चमचा वाजवत होतं. टण म्हटलं की टिण. आवाज जवळ येत गेला आणि धुक्यातून वहिनी बाहेर आली, एका हातात ताटली, एका हातात चमचा, भुवयांवर बर्फ.

"कुठे होतीस तू?" वन्सं ओरडलीच.

"मी? मी त्या टोकाला! दोन तास बसलेय तुझी वाट बघत!"

"माझी? मी तर इथे तुझी वाट बघतेय!"

"तू दिसली नाहीस, म्हणून मला वाटलं तू मागे राहिलीस."

"मी मागे?" वन्संचा आवाज चढला. "मी आयुष्यात कधी कुणाच्या मागे राहिलेली नाहीये!"

आणि मग दोघी हसत सुटल्या. हसता हसता एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि मग ते हसणं राहिलं नाही. मी दोघींच्या मध्ये चेंगरलो होतो, पण तक्रार केली नाही.

तेवढ्यावर संपलं असतं, तर त्या दोघी कसल्या! आता पहिला घोट कुणाचा, यावर वाद सुरू झाला. दोघींचे ओठ निळे, आणि दोघी म्हणताहेत, तू मागून आलीस, आधी तू घे. शेवटी वहिनी म्हणाली, "अगं, चहा गार होईल." माझ्यात? गार? मला तो अपमान बरेच दिवस डाचत होता. पण तीनशे पावलं चालून आलेली आपणच, हे तिने कबूल केलं आणि पहिला घोट घेतला. चहाची वाफ बघून तिचे डोळे विस्फारले, तेव्हा मी तिला माफ केलं.

उठताना वहिनी म्हणाली, "तुझ्या दादाच्या नियमात एक भर घालायची. वाट बघायची ती अर्धा तास. त्याहून जास्त नाही. अर्धा तास झाला की उठायचं आणि शोधायला निघायचं."

"दोघींनी?"

"जिच्या आधी लक्षात येईल तिने."

घरी आल्यावर दादाने दोघींकडून अर्धं अर्धं ऐकलं. इतका हसला की त्याने छातीवर हात ठेवला, आणि दोघी एकदम त्याच्यावर ओरडल्या. मग त्याने माझं झाकण उजेडात धरलं. "ठोकून सरळ करून देऊ का? हातोडी आहे."

"नको," दोघी म्हणाल्या. तेही एकदमच.

त्यानंतरची चौदा वर्षं माझी सोन्याची वर्षं. डोंगरातला आमचा एक दिवस कसा असायचा ते सांगतो, कारण मी हल्ली खिडकीत उभा असताना तोच आठवत असतो.

पहाटे आधी वहिनी उठायची. तंबूची चेन खाली ओढल्याचा आवाज, मग स्टोव्हचा. ती आधी नुसतं उकळतं पाणी माझ्यात ओतायची, माझं पोट तापलं की ते ओतून टाकायची आणि मगच चहा भरायची. बिनदुधाचा, भरपूर साखरेचा. वन्सं तोवर एक डोळा उघडा ठेवून टाचांना पट्ट्या चिकटवायची. तंबूच्या खुंट्या मोजायचं काम तिचं. बारा असायला हव्यात आणि दर वेळी अकराच भरायच्या, कारण एक तिच्याच हातात असायची. वहिनी आजचा भाग वर येईल असा नकाशा दुमडून गळ्यात अडकवायची. मला सॅकच्या बाजूच्या कप्प्यात ठेवलं की निघायचं.

पहिला तास कुणी बोलत नसे. दुसऱ्या तासाला वन्संचं तोंड सुटायचं. गिऱ्हाइकांची पोटं आणि त्यांनी सांगितलेली मापं यांतलं अंतर, हा तिचा आवडता विषय. वहिनी हळूच कचेरीतल्या साहेबांची नक्कल करायची. ती नक्कल करते हे त्या कचेरीत कुणाला खरं वाटलं नसतं. चढ लागला की गप्पा थांबायच्या. वहिनी हजार पावलं मोजून एक मिनिट उभी राहायची, वन्सं पुढे निघून जायची. पण आता ती दर वळणावर मागे बघायची.

खिंडीत पोचलं की घामाने भिजलेले सदरे दगडावर वाळत पडायचे. पहिला घोट, पोच्याच्या विरुद्ध बाजूने, वहिनीचा. पाव, उकडलेली अंडी, आणि खाली दिसणाऱ्या नदीचं नाव काय यावर ठरलेला वाद. दुपारी उतार. तेव्हा दोघींचे गुडघे त्यांच्याशी बोलायचे आणि त्या गुडघ्यांना शिव्या द्यायच्या. ओढा आला की बूट काढून पाय पाण्यात. "आई गं!" हे दोन्ही काठांना ऐकू जायचं. ऊन कलायच्या आत तंबू. मोजे दोरीवर. मग मला ओढ्यात खळबळून, बूच न लावता, एका काठीवर उलटा अडकवून ठेवायच्या. ते उलटं लटकणं मला फार आवडायचं. आत मोकळी हवा फिरायची.

मग वह्या निघायच्या. दोघी तंबूच्या दोन कोपऱ्यांत बसून दादासाठी त्या दिवसाची हकीकत लिहायच्या. एकमेकींना दाखवायची नाही. घरी गेल्यावर दादा दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून वाचायचा. म्हणायचा, "आता पुरतं कळलं."

पंधराव्या वर्षी दादा गेला. खुर्चीत बसल्या बसल्या, फार त्रास न होता. घर माणसांनी भरलं आणि पुन्हा रिकामं झालं. त्या गडबडीत मदतीला आलेल्या कुणीतरी मला धुतलं, ओलाच होतो तरी बूच गच्च दाबलं, झाकण आवळलं आणि स्वयंपाकघरातल्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवून दिलं.

मित्रांनो, रिकामं असण्याचं दुःख मला नाही. मी रिकामा असतोच. पण आतली ओल आतच राहिली. तिला वास यायला लागला आणि तो वास घेऊन मी तीन वर्षं अंधारात उभा होतो. जायचे दिवस यायचे, जायचे. वहिनी फोनजवळ जायची, हात लावायची आणि परत यायची. "भाऊ गेलाय तिचा," ती मोठ्याने म्हणायची, कारण घरात ऐकायला कुणी नव्हतं. "तिला वाटेल तेव्हा बोलावेल." चार गल्ल्यांवर, दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणाच्या दुकानात वन्सं मशिनीशी बोलायची, "नवरा गेलाय तिचा. सावरली की येईल." हे मला पुढे कळलं. रस्त्यात भेटल्या तर "बरं आहे ना?" "बरं आहे," एवढंच. भांडण काही नव्हतं. भांडण असतं तर एव्हाना मिटलं असतं.

एके दिवशी सकाळी वहिनीच्या स्वयंपाकघरातला दिवा गेला. नवा दिवा काढायला ती स्टुलावर चढली आणि तिचा हात मला लागला. मी फळीवरून सुटलो. मी काचेचा आहे, हे मी विसरलो नव्हतो. तिनेही नाही. तिने स्टुलावरच मला पोटाशी झेललं.

खाली उतरून तिने बूच काढलं. "शी! काय होऊन बसलंय रे तुझं," ती म्हणाली. मग झाकण फिरवताना तिचं बोट सातव्या पोच्यावर आलं आणि तिथेच थांबलं. ती स्टुलावर बसली.

"अर्धा तास," ती म्हणाली. "अगं बाई! अर्धा तास ठरलं होतं."

दिवा बसवायचं राहूनच गेलं. तिने मला सोडा आणि कढत पाण्याने दोनदा धुतलं, खिडकीत उन्हाला उलटं ठेवलं. दुपारी पोट तापवलं, चहा भरला. अंगरख्याला कसर लागली होती, एक बटण गळालं होतं, तरी तोच चढवला. चार गल्ल्या, मग जिना. अडतीस पायऱ्या. तिने मोजल्या, मध्ये दोनदा थांबली.

आतून मशिनीचा आवाज येत होता. वहिनीने हाक मारली नाही. झाकण काढलं आणि जिन्याच्या लोखंडी कठड्यावर वाजवलं. टण. टण. टण.

मशीन थांबली. आणि मग आतून, टेबलावर कात्री आपटल्यासारखं, टिण. टिण. टिण.

वन्सं दारात आली. गळ्यात टेप, कपाळावर चष्मा, केस सगळे पांढरे.

"कुठे होतीस तू?" या वेळी वहिनीने विचारलं.

"इथेच. तुझी वाट बघत."

"मी तिकडे. तुझी."

"मला वाटलं तू मागे..." वन्सं म्हणायला लागली. वहिनीने तिला धरलं, मला मध्ये घेऊन. पुन्हा चेंगरलो. पुन्हा तक्रार केली नाही.

आत गेल्यावर वहिनी बूच काढणार, तेवढ्यात वन्संने मला हातातून काढून घेतलं. अंगरखा उतरवला, डब्यातून जुळतं बटण शोधलं आणि चष्मा डोळ्यांवर ओढून सुईत दोरा ओवायला लागली.

"अगं, चहा गार होईल," वहिनी म्हणाली.

"ह्याच्यात?" वन्सं मान वर न करता म्हणाली. "ह्याच्यात नाही होत."

मित्रांनो, इतक्या वर्षांनी माझी भरपाई झाली.

आता खिंडी चढणं सुटलं. गावामागे पाण्याच्या टाकीची टेकडी आहे, तिथे आठवड्यातून एकदा दोघी जातात. वन्संची कंबर धरलीये, त्यामुळे हल्ली ती मागे असते आणि पहिला घोट तिचा असतो. ते तिला अजून पटलेलं नाही. घोट घेतल्यावर ती दर वेळी सांगते की आज तिने मुद्दाम हळू चालून बघितलं.

तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी असेल तर एवढंच करा. त्याला धुवा, पण रिकामा असताना बूच लावून ठेवू नका. उघडा ठेवा, उलटा ठेवा, हवा लागू द्या. आणि कुणाची वाट बघत बसला असाल, तर घड्याळ बघा. अर्धा तास झाला असेल तर उठा. धुक्यापलीकडचं माणूसही बहुतेक तुमच्यासाठीच थांबलेलं असतं, थंडीने कुडकुडत, आणि त्याच्याजवळ तर थर्मासही नसतो.